फियाट टॅक्सी तर गेली, पण तिचं हुबेहूब मॉडेल घरी कसं बनतं? रेझिनची पूर्ण गोष्ट

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमिअर पद्मिनी कायमची उतरली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा आहे. म्हणजे निरोपाची तारीख वीस वर्षं आधीच ठरलेली होती. त्या आठवड्यात प्रत्येकाच्या फीडवर त्याच गाडीचे फोटो होते.

फोटो राहिले, व्हिडिओ राहिले. पण गाडीचा आकार फोटोत पुरता सापडत नाही. मागच्या मडगार्डवरची ती बारीक शेपटी, छताच्या कडेची पागोळी, बॉनेटचा उतार, हे सगळं हातात धरून फिरवून बघायचं तर मॉडेल लागतं. आणि फियाट 1100 किंवा पद्मिनीसारख्या गाडीचं मोठ्या आकारातलं, नीट मापातलं किट खेळण्यांच्या दुकानात जाऊन मागितलं तर मिळणार नाही. तिथे रेझिन कामाला येतं.

तुम्ही रील पाहिलीच असेल. गुलाबी रबराच्या ठोकळ्यातून कुणीतरी एक गुळगुळीत गाडी सोलून काढतो, तीस सेकंदांत खेळ खल्लास. त्या तीस सेकंदांच्या आधी साधारण दोन महिने असतात आणि नंतर एक. ते नेमके कशात जातात, आणि आमच्या रोहण्यासारख्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात बसून हे जमतं का, ते बघू.

आधी गाडी कोणती, ते पक्कं करा

'फियाट' म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी गाडी येते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. सुरुवातीला तिथे क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पन्नाशीच्या दशकात फियाट आली. त्या काळची गोल, फुगीर फियाट 1100 म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'. तिची पुढची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. 1964 पासून आली चौकोनी वळणाची फियाट 1100 डिलाइट. 1972 मध्ये तिचंच नाव प्रीमिअर प्रेसिडेंट झालं, 1974 मध्ये प्रीमिअर पद्मिनी. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत मूळ सांगाडा तोच राहिला, मात्र बारीकसारीक गोष्टी बदलत गेल्या. गिअर वर्षानुवर्षं स्टिअरिंगच्या दांड्यावर होता, शेवटच्या काळातल्या गाड्यांमध्ये तो खाली आला.

मॉडेलच्या जगात 'स्टॉक' म्हणजे गाडी कारखान्याच्या दारातून जशी बाहेर पडली तशी. मालकाने नंतर लावलेली अलॉय चाकं नकोत, नवा रंग नको, छतावर सनरूफ नको. ऐकायला सोपं वाटतं, पण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. 1966 ची डिलाइट करायला घेतली आणि डॅशबोर्ड नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीचा लावला, तर मॉडेल कितीही चकचकीत असो, जाणकार माणूस दोन मिनिटांत हात जोडेल. म्हणून एक साल ठरवा आणि त्या सालाशी प्रामाणिक राहा.

मग टॅक्सीचं काय? काळा-पिवळा रंग, डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर, छतावरचं लोखंडी कॅरिअर. यातला मीटर आणि कॅरिअर कुर्ल्याच्या कारखान्यात लागलेले नाहीत, म्हणून कडक अर्थाने टॅक्सी 'स्टॉक' ठरत नाही. माझं मत विचाराल तर ही भांडणं ज्याला करायची त्याने करावीत. ज्या गाडीला लोकांनी कॅरिअरसकटच पाहिलं, तिचं कॅरिअर काढणं हाही एक खोटेपणाच. फक्त काय केलंय ते स्पष्ट सांगावं: कारखान्यातली गाडी, की रस्त्यावरची गाडी. आपल्या वर्ध्याच्या इतिहासात तर जमनालाल बजाज यांच्या बैल जुंपलेल्या फोर्डचा किस्सा प्रसिद्ध आहे, जिला गमतीने 'ऑक्सफर्ड' म्हटलं गेलं. तिचं मॉडेल 'स्टॉक' करायला गेलात तर बैलच काढावे लागतील!

'व्हिंटेज' शब्दाचंही असंच आहे. ब्रिटिश हौशी मंडळींच्या हिशेबात व्हिंटेज म्हणजे 1919 ते 1930 मधली गाडी. भारतात मात्र 2021 च्या जुलैत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली, आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. तिला नंबरात 'व्हीए' ही वेगळी अक्षरं मिळतात आणि नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आहे. म्हणजे साठच्या दशकातली डिलाइट आज कायद्याने व्हिंटेज आहे, आणि कायद्यालाही ती जवळपास 'स्टॉक'च हवी आहे. टॅक्सी मात्र यात बसत नाही.

मापं: 24 ने भागायचं आणि मग डोकं लावायचं

पद्मिनीची लांबी 3,930 मिलिमीटर, रुंदी 1,460, उंची 1,468 आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, 2,340. मॉडेलवाल्यांचा आवडता आकार 1:24. प्रत्येक मापाला 24 ने भागा. लांबी येते जवळपास 164 मिलिमीटर, रुंदी 61, उंचीही 61, व्हीलबेस 97.5. तळहातावर मावते आणि आतला गिअरचा दांडा दाखवता येईल इतकी मोठी असते. 1:43 ला तीच गाडी 91 मिलिमीटरची होते, 1:18 ला 218 ची. पहिल्या प्रयत्नाला 1:24 बरं. 1:43 लहान म्हणून सोपं असेल असं वाटतं, पण तिथे चूक दुप्पट ठळक दिसते.

पण सगळंच भागून चालत नाही. खऱ्या गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाड. त्याला 24 ने भागलं तर 0.04 मिलिमीटर, साध्या कागदाहून पातळ. रेझिनची बॉडी इतकी पातळ ओतता येत नाही. ती दीड-दोन मिलिमीटर ठेवावी लागते, म्हणजे खऱ्या गाडीच्या हिशेबात चार-पाच सेंटिमीटर जाडीचा पत्रा! चिलखती गाडीच की. म्हणून जिथे कड उघडी दिसते, खिडक्यांच्या चौकटी, चाकावरची कमान, तिथे आतल्या बाजूने घासून पातळ करतात. बघणाऱ्याला फक्त कड दिसते, तो सगळा पत्रा पातळ आहे असंच धरून चालतो.

दारांच्या फटींचंही तसंच. खऱ्या गाडीत चार मिलिमीटरची फट असेल तर मॉडेलवर ती 0.17 मिलिमीटर. त्यावर प्रायमर आणि रंगाचे चार हात बसले की फट बुजलीच. त्यामुळे ती मुद्दाम थोडी रुंद आणि जास्त खोल कोरतात.

मापं मिळवायची कुठून? कंपनीच्या माहितीपत्रकात लांबी-रुंदी मिळते, बॉनेटची गोलाई मिळत नाही. त्यासाठी खरी गाडी गाठावी लागते. विदर्भात एखाद्या वाड्याच्या पडवीत, गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली अजून फियाट सापडते. मालकाची परवानगी घ्या आणि फोटो काढा, पण जवळून नाही. मोबाइल गाडीला चिकटवून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो, मागचा आखडतो. पंधरा-वीस मीटर लांब जाऊन झूम करा, कॅमेरा गाडीच्या निम्म्या उंचीवर धरा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. शक्य असेल तर वरून, शेजारच्या गच्चीवरून. गाडीला टेकवून एक मीटरची पट्टी ठेवली तर पुढे फार उपयोग होतो. फोटो बरोबर आलाय का हे तपासायला व्हीलबेस आणि लांबी यांचं प्रमाण बघा. 2,340 भागिले 3,930 म्हणजे सुमारे 0.6. फोटोत ते तेवढंच यायला हवं.

या कामाला घाई आहे, आणि ती घाई खरी आहे. दरवर्षी यातल्या काही गाड्या भंगारात जातात. ज्या उरतात त्यातल्या अनेकींना नवं डॅशबोर्ड, दुसऱ्या गाडीचे दिवे, भलत्याच सीट लागलेल्या असतात. कारखान्यातून आलं तसं दार, तसा हँडल, तसा आरसा असलेली गाडी सापडली तर मॉडेल करायचं नसलं तरी मापं घेऊन ठेवावीत.

एक सापळा आणखी. इटालियन फियाट 1100 ची तयार छोटी मॉडेलं परदेशात मिळतात आणि ती पाहून काम करण्याचा मोह होतो. पण त्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. आपली गाडी करायची तर डॅशबोर्ड उलटा करावा लागतो आणि पायातले पेडल उजव्या बाजूला न्यावे लागतात, वायपरही आपल्या गाडीच्या फोटोवरून ताडून घ्यावे लागतात. स्टिअरिंग उजवीकडे आणि वायपर इटलीचे, अशी मॉडेलं निघतात.

गणपतीचा कारखाना पाहिलाय? मग अर्धं काम कळलं

पेणला किंवा आपल्या गावच्या मूर्तिकाराकडे मूर्ती कशी बनते ते आठवा. आधी एक मूळ मूर्ती हाताने घडवली जाते. तिच्यावरून साचा काढला जातो. मग त्या साच्यात ओतून एकामागून एक मूर्ती निघतात. रेझिन मॉडेलचं तंत्र तेच. मूळ नगाला इथे 'मास्टर' म्हणतात, साचा सिलिकॉन रबराचा असतो आणि ओतायला प्लास्टरऐवजी दोन भागांचं रेझिन.

मास्टर कशाचाही चालतो. जुने लोक लाकडाचा करत. कुणी प्लास्टिकच्या शीट चिकटवून करतं, कुणी एम-सील आणि पुट्टी थापून. आता बहुतेक जण संगणकावर आकार काढून थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतात. गावात प्रिंटर नसला तरी फाइल पाठवली की नागपूर-पुण्याहून छापून कुरिअरने येतं. पण छापलेली बॉडी तयार बॉडी नसते. तिच्यावर 0.05 मिलिमीटरच्या थरांच्या पायऱ्या असतात आणि त्या काळ्या चकचकीत रंगाखाली झेब्र्यासारख्या उठून दिसतात. प्रायमर मारा, पाण्यात पॉलिश पेपर घासा, पुन्हा प्रायमर. 600 नंबर, मग 1000, मग 2000. मास्टरवर राहिलेला प्रत्येक ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक नगावर. त्यामुळे या टप्प्यावर आठवडे गेले तरी ते वाया गेलेले नसतात.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे अनेकांचा महागडा रबर कचऱ्यात जातो. सिलिकॉन रबर दोन प्रकारचं येतं, एकात कथिलाचं हार्डनर, दुसऱ्यात प्लॅटिनमचं. प्लॅटिनमवालं जास्त टिकतं, पण फार नाजूक स्वभावाचं आहे. गंधक असलेली चिकणमाती किंवा थ्री-डी प्रिंटरचं रेझिन यांच्याशी त्याचा संबंध आला की ते तिथे सुकतच नाही, चिकट लगदा राहतो. मास्टर प्रिंटरवरचा असेल तर कथिलवालं घ्या, नाहीतर आधी एका कोपऱ्यावर थेंब टाकून पाहा.

गाडीची बॉडी म्हणजे पोकळ डबा. म्हणून साचा दोन भागांचा करावा लागतो. एक भाग बाहेरचा आकार देतो, दुसरा आतून गाभ्यासारखा बसतो. आधी बॉडी उलटी करून आतली पोकळी आणि खिडक्या मातीने बंद करतात, बाहेरून रबर ओततात. ते सुकलं की माती काढून, पहिल्या रबरावर व्हॅसलिनचा पातळ हात देऊन, आतला भाग ओततात. व्हॅसलिन विसरलात तर रबराला रबर कायमचं चिकटतं. सिलिकॉन बहुतेक कशालाच चिकटत नाही, स्वतःला मात्र चिकटतं. दोन्ही भाग पुन्हा नेमके जागेवर बसावेत म्हणून कडेला वाटाण्याएवढे खळगे ठेवतात.

रबर किती लागेल? बॉडीच्या भोवती एकेक सेंटिमीटर जागा सोडली तर 1:24 च्या फियाटसाठी साधारण 18 बाय 8 बाय 7 सेंटिमीटरचा डबा होतो, म्हणजे एक लिटर. रबर पाण्याहून थोडं जड, म्हणजे एक किलोच्या वर. आणि त्यातून निघणारी बॉडी? पन्नासेक ग्रॅमची. खर्च कुठे होतो ते यावरून कळेल. साचाही अमर नसतो. वीस-तीस नगांनंतर रबर फाटायला, खडबडीत व्हायला लागतं. म्हणूनच रेझिन किट शेकड्यांनी निघतात, लाखांनी नाही. प्लास्टिकची किट पोलादी साच्यात लाखांनी निघतात, पण त्या साच्याचा खर्च भरून यायला गिऱ्हाईकही तेवढं लागतं. कुर्ल्याच्या फियाटला जगभरातून तेवढं गिऱ्हाईक कुठून आणणार?

ओतताना खरा शत्रू हवामान

रेझिन म्हणून तीन-चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि दुकानदार सगळ्यांना 'रेझिन'च म्हणतो. नदीसारखं टेबल किंवा फुलं घातलेले लोलक ज्यात बनवतात ते इपॉक्सी, एक दिवस घेतं सुकायला. फायबरच्या कामाचं पॉलिस्टर स्वस्त, पण सुकताना आकसतं आणि घरभर वास. गाडीच्या बॉडीसाठी लागतं ते पॉलियुरेथेन. दोन बाटल्या, बहुतेक वेळा समान प्रमाणात मिसळायच्या, चार-पाच मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, अर्ध्या तासात साच्यातून बाहेर.

ती चार-पाच मिनिटं 25 अंशांवरची आहेत. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्मा होतो, असा ढोबळ हिशेब धरतात. मे महिन्यात वर्ध्यात पारा 45 च्या घरात असतो. म्हणजे पाच मिनिटांचं रेझिन सव्वा मिनिटात गोठतं. ढवळायला तीस सेकंद, ओतायला तीस, आणि कपातच दगड. उपाय साधा आहे. उन्हाळ्यात पहाटे पाचला ओता, नाहीतर काम डिसेंबर-जानेवारीवर ढकला.

आणि इथे विदर्भातला खास घोटाळा. उकडतंय म्हणून आपण कूलर लावतो. पॉलियुरेथेनच्या एका बाटलीत आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याला पाणी दिसलं की ते रेझिनच्या दुसऱ्या भागाला सोडून पाण्याशी अभिक्रिया करतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. परिणाम, बॉडीभर फेस, आतून स्पंजसारखी गाडी. वाळ्याचा कूलर म्हणजे खोलीत ओली हवा सोडणारं यंत्रच. ओतताना कूलर बंद, बाटल्यांची झाकणं लगेच घट्ट. मुंबई-कोकणातल्या माणसाला पावसाळ्यात हीच अडचण येते, तेही कूलरशिवाय. आपला कोरडा उन्हाळा तेवढ्यापुरता चांगला म्हणायचा. बाटली फ्रीजमध्ये ठेवून थंड करायची युक्तीही यामुळेच फसते, बाहेर काढून उघडली की आत दव धरतं. शिवाय खाण्याच्या फ्रीजमध्ये हे रसायन ठेवूच नये.

हवेचे बुडबुडे मात्र पाण्यामुळे येत नाहीत, ते ढवळण्यातून आणि कोपऱ्यांत अडकलेल्या हवेतून येतात. मोठे उद्योग प्रेशरच्या टाकीत साचा ठेवतात. घरी चालणाऱ्या दोन गोष्टी आहेत: साच्याला आतून टाल्कम पावडर लावून झटकून टाका, म्हणजे रेझिन कोपऱ्यांत नीट पसरतं, आणि एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओता, म्हणजे हवेला पुढे सरकायला वाट राहते. तरी काही छिद्रं राहतीलच, ती पुढे पुट्टीने भरायची.

साच्यातून काढलेली बॉडी अनेकदा थोडी वाकडी असते. घाबरायचं नाही. ती गरम पाण्यात, चटका बसेल इतपत गरम, मिनिटभर बुडवा. रेझिन मऊ पडतं. सरळ पृष्ठावर धरून नीट करा आणि लगेच थंड पाण्यात टाका.

फेविक्विक चालतं, मास्क मात्र कोणताही चालत नाही

प्लास्टिक किटसाठी मिळणारा गोंद रेझिनवर चालत नाही. तो प्लास्टिक विरघळवून जोडतो आणि हे रेझिन विरघळत नाही. इथे फेविक्विकसारखा गोंद किंवा इपॉक्सी लागतो. रंग देण्याआधी बॉडी भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासून धुवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर महिनाभराने रंग पापुद्र्यासारखा निघतो.

आता जी गोष्ट रीलमध्ये कधीच दाखवत नाहीत ती. आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना त्रास देते आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्यासारखा झटका येऊ शकतो. करोनाच्या काळातले एन-95 मास्क धूळ अडवतात, वाफ अडवत नाहीत. वाफेसाठी सेंद्रिय वायूंची काडतुसं असलेला रबरी मास्क मिळतो, तोच घ्यायचा. हवा खेळती हवी, हातात नायट्राइलचे मोजे हवेत. घासकाम नेहमी पाण्यात करायचं, कारण रेझिनची कोरडी धूळ पिठासारखी हलकी असते आणि घरभर फिरते. प्रिंटरचं न सुकलेलं रेझिन त्वचेलाही ॲलर्जी देतं. स्वयंपाकघरात, लहान मुलांच्या खोलीत हे काम नको, आणि उरलेलं ओलं रेझिन मोरीत तर अजिबात ओतायचं नाही. उन्हात पूर्ण सुकवून, घट्ट करून मगच कचऱ्यात.

दुसरी न बोलली जाणारी गोष्ट चोरीची. कुणीतरी सहा महिने घालून केलेलं किट विकत घ्यायचं, त्यावरून साचा काढायचा आणि स्वस्तात विकायचं, हा धंदा जगभर चालतो. अशा नगांची एक खूण असते. प्रत्येक नकलेत आकार किंचित आकसतो आणि कोपरे बोथट होतात. ज्यांनी मूळ मास्टर केला ते याने हात आखडतात आणि पुढची गाडी येतच नाही.

काळ्यावर पिवळा नाही, पिवळ्यावर काळा

रंगात फार गूढ नाही, फक्त क्रम पाळायचा. टॅक्सी करायची तर आधी पांढऱ्या प्रायमरवर पिवळं छत. ते दोन दिवस सुकू द्यायचं, मग छत चिकटपट्टीने झाकून काळा. उलट केलं तर काळ्यावर पिवळा झाकत नाही, थर वाढत जातात आणि पागोळीची कड बुजते. रंग पातळ आणि फवाऱ्याचाच, ब्रशने नाही. पावसाळ्यात लॅकरचा रंग फवारला तर हवेतल्या ओलाव्याने त्यावर पांढरट धूर बसतो. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा, तो सांगेल की ढगाळ दिवशी काळी गाडी हातात घेऊ नये.

काचेसाठी जुन्या ओएचपी शीट उत्तम. खरी काच पाच मिलिमीटरची धरली तर मॉडेलवर 0.2 मिलिमीटर लागते, आणि शीट त्याच्या आसपासच असते. पुढची काच वळणदार असल्यामुळे ती गरम करून साच्यावर ओढावी लागते. पुढच्या दारातली तिकोनी काच विसरू नका, फियाटमध्ये बसून ज्यांनी प्रवास केलाय ते आधी तीच शोधतात. बंपर आणि खिडक्यांच्या कडांच्या चकाकीसाठी विकतचा चिकट फॉइल मिळतो. चॉकलेटच्या वेष्टनातला पातळ वर्ख गोंदाने लावूनही काम भागतं, फक्त सुरकुती पडू द्यायची नाही. चाकांचा व्यास टायरसकट 25 मिलिमीटरच्या आसपास येतो. खऱ्या गाडीला 14 इंची रिम होती. आजकालच्या गाड्यांची रुंद टायर तिला लावली की ती फियाट राहत नाही. तिची टायर अरुंदच हवीत.

शेवटी नंबर प्लेट. 'एमएच' आणि आकड्यांच्या पद्धतीचे नंबर 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाल्यानंतरचे. आपल्या वर्ध्याचा 'एमएच-32' लावायचा मोह कितीही झाला तरी 1966 ची, त्या काळच्या नंबरासह उभी असलेली डिलाइट करत असाल तर तो चालणार नाही. तिला जुन्या पद्धतीचा तीन इंग्रजी अक्षरांचा नंबर हवा, आणि खासगी गाडी असेल तर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. 1:24 मध्ये ती पाटी नखाएवढी होते. लेझर प्रिंटरवर छापून घ्या, कातरीने नाही, पट्टीला ब्लेड लावून कापा, आणि कापलेल्या पांढऱ्या कडेवरून काळं मार्कर फिरवा.